दिवसा घरात कोण असतं?

कुलूप घ्यायला गिऱ्हाईक आलं की अण्णा आधी कुलूप काढतच नसत. काउंटरवर दोन्ही तळवे टेकून विचारत, "दिवसा घरात कोण असतं?" माणूस गडबडायचा. बोहरी आळीत येणारा घासाघीस करायच्या तयारीनं आलेला असतो, घरच्या चौकशीच्या नव्हे. एक जण तर "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून ताडकन पलीकडच्या दुकानाची पायरी चढला होता. अण्णा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाले, "ह्याच्या घरी दिवसा कुणी नसतं."

आमचं दुकान पुण्याच्या रविवार पेठेत १९५४ साली निघालं. त्याआधी अण्णा शेजारच्याच एका बोहरी शेठजींकडे हिशेब लिहायला होते. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, साखळ्या सगळंच विकलं त्यांनी, पण त्यांचा जीव कुलपात. मी १९७९ पासून गल्ल्यावर बसते. पहिली दहा वर्षं गिऱ्हाईक मला बघून विचारायचं, "शेठ नाहीत का?" आता विचारत नाहीत. आता मीच विचारते. अण्णांचाच प्रश्न.

तो प्रश्न कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. अण्णांच्या आजीकडून. तिला सगळे बय म्हणत.

बय लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या वाड्यात आली तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. त्या वाड्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची सोयच नव्हती. वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल, म्हणून दाराचं वर्णन करते. सागवानी दोन फळ्या, त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर लोखंडी फुल्या. डाव्या फळीत एक दिंडी, वाकून आत जायला. बाहेरच्या बाजूला फक्त एक कडी, ती वाजवायची. सगळी मजबुती आतून होती. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत चौकोनी भोकं आणि एका भोकात खोलवर सरकवून ठेवलेला अडसर. मांडीएवढ्या जाडीचं लाकूड. रात्री गडी तो ओढून दुसऱ्या बाजूच्या भोकात बसवायचा. दार फोडायचं तर आधी भिंत फोडायला हवी. भुईकोट काय आणि वाडा काय, बंद करायची रीत एकच.

अडसराची गंमत ही की तो लावायला आत माणूस लागतं. आणि ते असायचंच. सोवळ्यातल्या दोन आत्या, एक म्हातारा चुलत सासरा, बाळंतीण, पाळणा, माजघरात कुणीतरी दळत बसलेलं. वाडा रिकामा पडणं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. पेशवाईत तर रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसणाऱ्याला कोतवालाची माणसं धरत, म्हणजे रात्री सगळं शहरच आतून बंद. पुण्याच्या इतिहासात कुलपाची जी सगळ्यांत भयंकर गोष्ट आहे तीही चोरीची नाही. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत रात्रभर कोंडलेली माणसं श्वास घुसमटून मेली, ती गोष्ट. ते कुलूप माणसांना आत ठेवायला होतं.

मग वाड्यात कुलपं नव्हती का? होती की! पण आत. कोठीच्या खोलीला, फडताळाला, दागिन्यांच्या पेटीला, लोणच्याच्या बरण्या असलेल्या कोनाड्याच्या दाराला. बयची सासू जुडगा कमरेला खोचून फिरायची, आणि ती कुठल्या खोलीत आहे हे आवाजावरून कळायचं. बय सांगे, तिला पहिल्यांदा कोठीची किल्ली मिळाली ती तिसऱ्या बाळंतपणानंतर. थोडक्यात, वाड्यातलं कुलूप घरच्याच माणसांसाठी होतं. सुनेसाठी, पोरांसाठी, गड्यासाठी. बाहेरच्या जगासाठी अडसर पुरेसा होता.

हे बदललं १८९७ साली.

मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात प्लेग निघाला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात आला. मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळाले. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं घरं तपासायला सुरुवात केली. गोरे सोल्जर माजघरात, देवघरात शिरत. रोगी सापडला तर त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. पण बयच्या सासऱ्यांपुढे मार्चमध्येच उभा राहिलेला प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. सगळ्या घराला घेऊन शेतावर झोपड्यांत राहायला जायचं ठरलं, बैलगाड्या आल्या, भांडी बांधली, आणि मग लक्षात आलं की दार बाहेरून बंद कसं करायचं?

अडसर आतून लावला तर लावणारा माणूस बाहेर येणार कसा? शेवटी सुताराला बोलावलं. त्यानं दोन्ही फळ्यांना बाहेरून कोयंडे ठोकले, त्यांत साखळी ओवली, आणि साखळीला एक कुलूप. ते कुलूप कोठीच्या खोलीचं काढून आणलं होतं! बय म्हणे, "सासूबाई बैलगाडीत बसल्या तेव्हा कमरेला एकच किल्ली होती, आणि तिचा आवाज होत नव्हता."

पावसाळ्यात परत आले तर कुलूप जसंच्या तसं लागलेलं. साखळी शाबूत. एक कोयंडा लाकडातून मुळासकट उपटलेला आणि दार सताड उघडं. तपासणीवाले की चोर, ते कधीच कळलं नाही. दोन्ही पक्षांना किल्लीची गरज नव्हती.

अण्णा ही गोष्ट सांगून झाली की वर्तमानपत्र पुढे सरकवत. त्यात कुठे ना कुठे ते वाक्य असेच: बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लंपास केला. शंभरावर वर्षं झाली, वाक्य बदललेलं नाही. 'कुलूप उघडून' असं कधी छापून येत नाही. आणि पहिला शब्द नेमका 'बंद' असतो.

मी अजूनही कुलपाआधी कोयंडा बघायला सांगते. हजाराचं कुलूप घेणारा माणूस कोयंड्याला अर्ध्या इंचाचे स्क्रू मारतो. सुतारही मारू देतो, कारण दाराची फळी पोकळ आहे हे त्याला माहीत असतं. कटावणीचा एक हिसका बसला की तुमचं आठ लिव्हरचं कुलूप, कोयंडा आणि स्क्रू असा सगळा ऐवज एकदम जमिनीवर.

त्याच साली, १८९७च्या ७ मे रोजी, मुंबईत लालबागला एका शेडमध्ये आर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला सुरुवात केली. हे वकिलीचं शिक्षण घेतलेले पारशी गृहस्थ. वकिलीसाठी झांझिबारपर्यंत गेले आणि अशिलासाठी खोटं बोलायला नको म्हणून तो धंदाच सोडून परत आले. मग शस्त्रक्रियेची हत्यारं करून पाहिली. माल पसंत पडला, पण त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का मारायचा की नाही यावरून बिनसलं आणि तोही उद्योग गुंडाळला. घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि त्यातून कुलपाची कल्पना सुचली, असं सांगतात. मी काही इतिहास शिकलेली नाही. पण प्लेगनं अर्धी मुंबई ओस पडलेली, गल्लीगल्लीत बंद खोल्या, आणि त्याच उन्हाळ्यात एका माणसाला कुलपं करावीशी वाटली, हे एकमेकांना अगदीच अनोळखी असेल असं मला तरी वाटत नाही. रिकाम्या घरांचं शहर पहिल्यांदाच सगळ्यांना दिसत होतं.

त्याआधी कुलपं येत ती विलायतेहून, नाहीतर अलीगढहून. अलीगढला जॉन्सन नावाची इंग्रज कंपनी १८७०च्या सुमारास इंग्लंडची कुलपं आणून विकायची. वीसेक वर्षांनी तिनं तिथेच करायला घेतली आणि हळूहळू ते कसब गल्लीबोळांत उतरलं. अलीगढचं कुलूप एका छपराखाली होत नाही. एका घरी साचा, दुसऱ्या घरी भोकं, तिसऱ्या घरी पॉलिश, चौथ्या घरी लिव्हर बसवायचे. अण्णा एकदा तिकडे जाऊन आले होते. परतल्यावर आठ दिवस एकच सांगत होते: "अख्खा मोहल्ला कानशीनं घासतोय, आणि एकाच्याही घराचं दार बंद नाही." सगळी माणसं घरातच कामाला.

आमच्या दुकानात अण्णांनी काचेखाली एक कुलूप ठेवलं होतं, नवताल, बाजूनं पत्रा कापून आतलं दिसेल असं केलेलं. नवताल बाजारात आलं तेही १९५४ सालीच, म्हणून अण्णा त्याला दुकानाचं जुळं भावंड म्हणत. ते कुलूप अजून आहे. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतात, त्या म्हणजे लिव्हर. प्रत्येक पट्टीला खिडकीसारखी एक खाच, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. किल्ली फिरली की तिचा प्रत्येक दात आपापल्या पट्टीला हवा तेवढाच उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टची खुंटी त्यांतून सरकते. एक पट्टी केसभर कमी उचलली गेली तरी खुंटी अडते, आणि केसभर जास्त उचलली गेली तरी अडते. हे दुसरं महत्त्वाचं आहे. जुन्या देशी कुलपांत पात्याची स्प्रिंग नुसती दाबली की काम होई, कितीही दाबा. लिव्हरला 'पुरे' कळतं. पूर्वी पोरं शाळेतून येता-जाता ते बघायला थांबत. अण्णा मुद्दाम हळू फिरवत. सहावी पट्टी वर येताना बारीकसा 'टिक' होतो, तो ऐकायला सगळे श्वास धरत.

याच लिव्हरवरून अण्णा विलायतेची एक गोष्ट सांगत, कीर्तनाला असतात तसे तिला पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंग १८१७चा. पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारनं शंभर पौंडांचं बक्षीस लावलं: स्वतःच्या किल्लीखेरीज कशानंही उघडणार नाही असं कुलूप करा. जेरमाया चब यानं पुढच्याच वर्षी ते केलं. त्याची करामत अशी की चुकीच्या किल्लीनं एखादी पट्टी जास्त उचलली गेली की कुलूप अडकून बसायचं. मालक आला, त्यानं किल्ली फिरवली आणि ती फिरली नाही, म्हणजे कुणीतरी येऊन गेलंय. कुलूप चहाडी करायचं! तिथल्या कैद्यांच्या जहाजावर एक कैदी होता, धंद्यानं कुलूपवाला. उघडलंस तर शंभर पौंड आणि सुटका, असं त्याला सांगितलं. त्यानं दोन-अडीच महिने खटपट केली आणि हात जोडले.

इथे अण्णा एखादं गिऱ्हाईक करून घेत. मग उत्तररंग. १८५१ साल, लंडनचं मोठं प्रदर्शन. अमेरिकेहून हॉब्ज नावाचा माणूस आला आणि त्यानं तेच चबचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. पिकॅडिलीत ब्राहमाच्या दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं एक कुलूप लटकत होतं, उघडणाऱ्याला दोनशे गिनी. ते हॉब्जनं सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास बसून उघडलं. इंग्रजांची झोप उडाली.

गोष्ट संपल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, "म्हणजे कुठलंही कुलूप उघडतं?" अण्णा म्हणत, "एक्कावन्न तास तुमच्या दारासमोर कुणी बसलं आणि शेजाऱ्यांनी विचारलं नाही, तर कुलपाचा काय दोष?"

हॉब्ज मी पाहिला नाही, पण आमच्या ओट्यावर बसणारे सरदारजी पाहिले. ते किल्ल्या करायचे. कुलूप असायचं, किल्ली हरवलेली. ते कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी करत, कुलपात घालून अलगद पिळत, बाहेर काढून डोळ्याजवळ नेत. काजळीवर जिथे पट्टी टेकली असेल तिथे केसाएवढी चमक दिसते. तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा बघायचं. मी पाहिलेल्यांत सगळ्यांत अवघड कुलपाला पाऊण तास लागला होता. त्यांचा एक नियम होता. कुलूप दारावर असेल तर शेजारच्या दोन माणसांसमोरच उघडायचं. हातात काढून आणलेलं कुलूप असेल तर ते विचारत, "दरवाजा कहाँ है?" समाधान झालं नाही तर कानस पिशवीत.

मुंबईच्या चाळीत कुलपाचा इतिहास वेगळा झाला. माझी मावशी लालबागला होती, गोदरेजची पहिली शेड ज्या भागात होती त्याच भागात, दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे दार दिवसभर उघडंच. पाळीवरून एक आला की दुसरा जायचा, अंथरूण गारच होत नसे. कुलूप काढायचं ते वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, सगळी खोली कोकणात निघाली की. ते कुलूप मावशीच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला असायचं, फडक्यात गुंडाळून, आणि निघायच्या दिवशी किल्ली सापडायची नाही. मग एस. टी. चुकायची भीती, आरडाओरडा, आणि शेवटी कुलूप शेजारचे कदम देत. मावशी पुण्याला आली की आमच्याकडे 'चावी' मागायची आणि आम्ही हसायचो. पुण्यात किल्ली, मुंबईत चावी. किल्ली हा कीलेतून, म्हणजे खुंटीतून आलेला आपला शब्द. चावी पोर्तुगिजांची, त्यांच्या 'शाव्ह'वरून. कुलूप आलं अरबीतल्या 'कुफ्ल'वरून, येताना फ आणि ल यांनी जागा बदलल्या. आडणा, अडसर, कडी हे सगळं घरचं, आणि बाहेरून लावायचं ते मात्र पाहुणं.

आणखी एक. घराला आपण कुलूप लावतो, पण गिरणीला टाळं लागतं. शाळेला, ग्रामपंचायतीला, बँकेला गावकरी 'टाळे ठोकतात', कधी 'कुलूप ठोकलं' ऐकलंय? १९८२च्या संपानंतर मावशीच्या यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा ते सहा महिने रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन ते टाळं बघून येत. मावशी म्हणायची, त्या सहा महिन्यांत आमच्या खोलीला गणपतीतसुद्धा कुलूप लागलं नाही. गावी जायला पैसे नव्हते.

गोदरेजच्या कारखान्यानं एका कामात कुलूप चक्क पेटीच्या पोटात घातलं, तो भाग मला सगळ्यांत आवडतो. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीला बारा लाखांहून जास्त मतपेट्या झाल्या. पेटीला बाहेरून कुलूप लावायचं तर किंमत पाच रुपयांत बसेना. तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिरानं आतून बंद होणारी कळ शोधली. म्हणजे अडसराचीच युक्ती. फरक एवढाच की ह्या वेळी आत कुणी माणूस नव्हतं.

पुण्यात बाहेरून कुलूप लावायची सवय पक्की व्हायला प्लेगनंतरही पन्नास-साठ वर्षं गेली. अण्णा म्हणत, खरी सुरुवात पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली, पण त्यांतल्या कितीतरी जणांनी पळता पळता कुलूप लावलं. पाणी ओसरल्यावर अण्णा फिरून आले. एका ठिकाणी तिन्ही भिंती गेलेल्या, चौकट उभी, दार उभं, आणि कडीला कुलूप. मालक चिखलात उभा राहून खिशात किल्ली शोधत होता. अण्णांनी पुढचे आठ दिवस दुकानात रॉकेलचं घमेलं भरून ठेवलं. लोक गाळानं भरलेली कुलपं आणत, अण्णा ती बुडवत, झटकत, पुन्हा बुडवत. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे एक पाटी आहे: कुलपात खोबरेल घालू नये. खोबरेलानं धूळ धरते आणि लिव्हर चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला.

पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, मग सोसायट्या, मग फ्लॅट. दोघं नोकरीला, मुलं पाळणाघरात. अण्णांच्या प्रश्नाला 'कुणी नसतं' हे उत्तर येऊ लागलं ते सत्तरच्या दशकात, आणि त्याबरोबर आलं लॅच. लॅचचं वैशिष्ट्य म्हणजे दार नुसतं ओढलं की बंद. अडसराला आत माणूस लागे, कुलपाला बाहेर माणूस लागे, लॅचला कुणीच लागत नाही. त्यात लिव्हर नसतात, बारीक पिना असतात, पाच किंवा सहा, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. अमेरिकेतल्या येल बापलेकांची ही कल्पना, आणि मुलानं ती १८६०च्या दशकात आजच्या रूपाला आणली. चपटी छोटी किल्ली खिशात मावते, हे तिचं यश आणि हीच पंचाईत. कचरा टाकायला बाहेर यावं आणि वाऱ्यानं दार लागावं! गॅसवर दूध. आमच्या दुकानात धापा टाकत, पायात वेगवेगळ्या चपला घालून आलेली माणसं मी मोजली असती तर हजारावर गेली असती.

ह्या सगळ्याच्या उलट टोकाला शनिशिंगणापूर. मी एकदा मुद्दाम गेले, धंदेवाईक कुतूहलानं. घरांना चौकटी आहेत, फळ्या नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून कुठे पडदा, कुठे टेकवून ठेवलेली फळी. शनी बघतो अशी श्रद्धा. २०११ साली तिथे एका बँकेनं शाखा काढली, तीही कुलपाशिवाय, काचेचं दार आणि नजरेत न भरणारं विजेवर चालणारं लॉक. २०१५ साली पोलीस ठाणंही आलं. मी एका ओसरीवर पाणी प्यायला थांबले होते. आजीबाई शेंगा फोडत होत्या. मी सवयीनं विचारलं, "दिवसा घरात कोण असतं?" त्या म्हणाल्या, "मी असते की." शनीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता लोक डिजिटल लॉक मागतात. बोटाचा ठसा, आकडे, फोनवरून उघडायचं. मी विकते, चांगली असतात. एवढंच सांगते की बॅटरीचा इशारा आला की त्याच दिवशी बदला, एक साधी किल्ली घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा, आणि ज्येष्ठांची बोटं भांडी घासून, पूजेचं गंध उगाळून गुळगुळीत झालेली असतात, त्यांचे ठसे यंत्राला लागत नाहीत. परवा एक मुलगा म्हणाला, आईला आकडे पाठ करायला सांगितलेत. आई मागे उभी होती. तिनं हातावर पेननं लिहून घेतले होते.

अण्णांचा आणखी एक नियम होता, तो सांगायचा राहिला. गिऱ्हाईकाची किल्ली दुकानात ठेवून घ्यायची नाही. कितीही ओळखीचं असो. जादा किल्ली परत द्यायची, नाहीतर समोर कानशीनं दात उडवून टाकायचे. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याला आमच्या स्वतःच्या घराची किल्ली असते, बाकी कुणाची नाही.

मागच्या श्रावणात एक बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नाही पण तसाच पदर घेतलेला. रिक्षा थांबवून ठेवली होती. मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मी. दिवसा मी आणि रात्री मी." मुलगा कॅनडात, मुलगी बंगळूरला. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्या, तीन तास ओरडत होत्या. शेजाऱ्यांना ऐकू येत होतं, पण आतून कडी, वरून खटका, लॅच वेगळं. दार तोडावं लागलं. आता नवं दार केलं होतं आणि त्यांना असं कुलूप हवं होतं की जे त्या आत असतानाही बाहेरून उघडेल.

मी त्यांना आतून-बाहेरून किल्ली लागणारं सिलिंडर दाखवलं, आणि मग लक्षात आलं की आत किल्ली राहिली तर बाहेरची फिरत नाही. ते बाजूला ठेवलं. आतून नुसता खटका, बाहेरून किल्ली असं दुसरं काढलं. वरची कडी काढून टाका म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "कडीशिवाय झोप लागेल का हो?" मी म्हटलं, पहिले आठ दिवस नाही लागणार.

बरोबर तीन किल्ल्या आल्या. एक त्यांनी पर्समध्ये टाकली. दुसरी समोरच्या ब्लॉकमधल्या जोशींना द्यायची, असं मोठ्यानं म्हणाल्या. तिसरी हातात धरून बसल्या. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"ही तुमच्याकडेच असू दे," त्या म्हणाल्या. "जोशी चार-चार महिने मुलाकडे जातात."

मी नियम सांगणार होते. कानस हाताशीच होती. त्यांनी काउंटरवर किल्ली ठेवली, पत्ता सांगितला, दोनदा, आणि पायरी उतरायला माझा हात मागितला. त्यांना रिक्षात बसवून मी परत आले. सरदारजींच्या ओट्यावर आता त्यांचा नातू बसतो, त्यानं विचारलं, "क्या हुआ, ताई?" काही नाही म्हटलं. पत्ता कुठे लिहिला नाही, किल्लीबरोबर पत्ता ठेवायचा नसतो. पाठ केला. आणि मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला आमच्या किल्लीशेजारी ती अडकवली.